रोज एक कप पाणी

दि. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (साष्टांगातला खुबा तेवढा वगळून घे. आईचं बघितल्यापासून मला वाकायचीसुद्धा भीती वाटते.)

तुझं पाकीट पोचून आता पंधरा दिवस झाले. तुझ्या हातचं, मधलीचं पत्र. एवढं लिहायला मला तीनदा पेन उचलावं लागलं. आपल्या मधलीला जाऊन उद्या सहा आठवडे होतील, आणि तिचं पत्र मात्र टपालाने येतं. मी ते फोडते आणि आईच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यांदा वाचते. खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं होतं की हृदय नाजूक आहे, पंधरा दिवस कसलाही धक्का नको. पंधरा दिवसच म्हणून आपण सुरुवात केली होती ना गं? तेव्हाच सांगितलं असतं तर एकच धक्का होता. आता सांगितलं तर दोन बसतील, एक मधलीचा आणि एक आपला.

वाचून झाल्यावर तिने कागद हातात मागितला. तिला आता फक्त उजेड आणि सावली कळते. कागद उलटा करून ती मागच्या बाजूवरून बोटं फिरवत बसली. मधली पेन इतकं दाबून लिहायची की मागे अक्षरं उठायची. शाळेत सिस्टर तिच्या चाररेघी वहीला खडीचा रस्ता म्हणायच्या, आठवतं? तूही चांगलं दाबून लिहिलं होतंस. तरी आईची बोटं फार वेळ फिरत राहिली. मग तिने मला तेच पत्र पुन्हा वाचायला लावलं, सावकाश. शेवटी म्हणाली, छान लिहिलंय. बस्स, एवढंच. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. तीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवलेली बाई, अक्षराच्या बाबतीत तिला फसवायला निघालो आपण दोघी!

आता खरी अडचण सांगते. गेल्या जूनमध्ये तुझ्याकडे काचघरातल्या नोकरीसाठी निघताना मधलीने तिच्या पाच कुंड्या आईच्या हवाली केल्या होत्या, ती गुबगुबीत पानांची सक्युलंट. ताठ उभी ती हेडमिस्ट्रेस, फुगलेल्या फुलासारखी ती लठ्ठंभारती, दोघी जुळ्या, आणि कान तुटलेल्या चहाच्या कपातलं ते पिटुकलं रोप, जे तिने आईची नजर गेली त्या वर्षी एका पानापासून वाढवलं. सकाळचा चहा झाला की आई खिडकीशी बसते आणि एकेक पान चाचपते, वर्गात हजेरी घ्यावी तशी. गेल्या सोमवारी तिची बोटं मधेच थांबली. म्हणाली, लठ्ठंभारतीला सुरकुत्या पडल्यात, पान माझ्या हातासारखं लागतंय. मग म्हणाली की मधलीला विचार. तेव्हापासून रोज सकाळी एकच, विचारलंस का.

पाणी मी घालते गं, एक दिवसाआड, आईच्या गोळ्यांबरोबर, विसरायला नको म्हणून. पण परवा ती समोरच्या बाईंना सांगत होती की ही झाडं आहेत तोवर माझी पोर घरात आहे. ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले. ताई, ही झाडं जगायला हवीत. पुढच्या पत्रात मधलीकडून काहीतरी लिही.

दुकानात मला अर्ध्या दिवसाचं काम मिळतंय. औषधं मोजते, खोकल्याच्या बाटल्या पुसते आणि घरी येऊन खोटं वाचते. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
शेंडेफळ


दि. ११ मार्च

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ. (त्यातला एखादा उलट टपाली मला धाड, माझ्याकडे तुटवडा आहे.)

सोबत मधलीचं दुसरं पत्र ठेवलंय. पहिलं लिहिलं तिच्याच पॅडवर, हेही त्यावरच. तो खरखरीत कागद आईच्या बोटांच्या ओळखीचा आहे. तिच्या खोलीत, तिच्या टेबलाशी, सकाळी कामाला जायच्या आधी लिहिते. खुर्चीच्या पाठीवर तिचा राखाडी स्वेटर अजून तसाच आहे. पहिल्या वेळी तो मी बाजूला ठेवला होता. या वेळी अंगात घातला. थंडी नव्हती, पण त्याच्याशिवाय वाक्य सुचेना.

तुला म्हणून सांगते, हसू नकोस. माझ्या मधल्या बोटाला तिच्यासारखा घट्टा पडायला लागलाय. काल जिन्यात मी किल्ली शोधत पुटपुटत होते, तर खालच्या मजल्यावरच्या आजी दार उघडून बाहेर आल्या आणि पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, आवाज ऐकून वाटलं, धाकटी बहीण परत आली. आणि गुरुवारी छापखान्यात तर कहरच झाला. प्रूफ तपासून खाली सही करायची असते. हेडकंपोझिटर तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि खाकरून विचारायला लागले की ही सही कुणाची. मी लिहिलं होतं, तुझी मधली.

झाडांचं काय विचारतेस! माझ्या हातात कागदी फुलंसुद्धा वाळतील. पण यात अवघड ते काय, पान सुरकुतलं म्हणजे तहानलं. तू एक दिवसाआड घालतेस ते पुरत नसणार. रोज घाल, मोजून एक कप, प्रत्येक कुंडीला. तसंच पत्रात लिहिलंय. मधलीच्या तोंडी दोन विनोद घातलेत. ते वाचताना तेवढा आवाज कापू देऊ नकोस.

आईला माझ्याकडून वेगळं काही लिहीत नाही. एका पाकिटात दोन हात नकोत. तू मात्र मला धरून राहा.

तुझी,
ताई


दि. ११ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि. तुझ्या डाव्या खुब्याला वेगळा नमस्कार, तो आता घरातला मानकरी.

मी मजेत आहे. काचघरात एवढं काम आहे की रविवारसुद्धा मातीत जातो. ताईचं नेहमीचंच. जेवतानासुद्धा भाजीत शुद्धलेखनाच्या चुका शोधते. परवा दुकानाच्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला निघाली होती, मी हाताला धरून ओढत आणली.

शेंडेफळाने लिहिलं की माझ्या झाडांना सुरकुत्या पडल्यात. काळजी करू नकोस. तहानली आहेत बिचारी. रोज सकाळी एकेक कप पाणी घालायला सांग, नेमाने, एकही दिवस न चुकवता. आठवड्याभरात पुन्हा गुबगुबीत होतील. हेडमिस्ट्रेसला माझा नमस्कार सांग आणि लठ्ठंभारतीला म्हणावं, तुझं वजन उतरलेलं मला चालणार नाही.

तुझ्याकडे यायचं मनात फार आहे, पण इतक्यात जमेलसं दिसत नाही. वाट बघ, पण जिवाला लावून घेऊ नकोस. इथे माझा हात तुझ्याच हातात आहे असं समज.

तुझी,
मधली


दि. ३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आज विनोद सुचत नाहीये.

वीस दिवस झाले, रोज सकाळी मी कप घेऊन खिडकीशी जाते. आई आधीच येऊन बसलेली असते, कुंडीवर हात ठेवून. मी पाणी ओतते, ती हात काढत नाही. पाचही कुंड्यांवर असंच. मग हात पदराला पुसते आणि म्हणते, झालं का आजचं.

सुरकुत्या गेल्या नाहीत. वाढल्या. लठ्ठंभारतीची खालची पानं पिवळी पडली, उजेडात धरली तर आरपार दिसतात, आणि बोट लागलं की गळून पडतात. जुळ्यांपैकी एक परवा बुडाशी काळी होऊन आडवी झाली. मी तिथे तारेचा आधार दिला. बशीत पाणी साचून राहतं, खिडकीच्या रंगाला फुगे आलेत. खोलीत एक वास येतो. फुलदाणीतलं पाणी बरेच दिवस बदललं नाही की येतो ना, तसा. मी खिडक्या उघडते, पुसते, अगरबत्ती लावते. वास तिथेच.

आणि आणखी एक. लिहू की नको असं चार दिवस चाललंय. रविवारी दुपारी आई पडली होती. मला वाटलं डोळा लागलाय. मी कपडे आवरत होते. तर ती कुणाशी तरी बोलत होती, हळू. उशीखालून तिने मधलीचं पहिलं पत्र काढलं होतं, आणि त्याच्या पाठीवरून बोट चालवत, अडत अडत, म्हणत होती की ही वर एक बोलते आणि खाली एक बोलते. या पत्रात दोन पत्रं आहेत. मी हाक मारली तशी कागद घडी करून उशीखाली सारला आणि विचारलं, चहा टाकलास का.

ताई, मी त्या दिवसापासून ते पत्र वाचून दाखवायला धजत नाही. ती रोज मागते. नुसतं हातात घेतलं तरी मला वाटतं, माझ्या मागे कुणीतरी उभं राहून तेच पत्र वेगळं वाचतंय. तू त्यात काय लिहिलं होतंस? मला दिसलं नाही असं काही लिहिलं होतंस का?

आईचं वय झालंय, तिला भास होत असतील, असं तू लिहिशील. लिही. मला तेवढंच ऐकायचंय.

भ्यायलेली,
शेंडेफळ


दि. ८ एप्रिल

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ., आणि एक घट्ट मिठी.

आईचं वय झालंय, तिला भास होत असतील. लिहिलं बघ.

पण माझं मन ते मानत नाही. पहिल्या पत्रात हवापाण्यापलीकडे मी काही लिहिलं नव्हतं. घरी येऊन पॅड चाळलं, कोरं आहे. तरी टेबलावर ठेवून खोलीबाहेर पडवेना. तुला वाटेल ताई म्हातारी झाली, पण त्या कोऱ्या कागदाकडे पाठ करायला मला भीती वाटली. तिसरं पत्र लिहायला परवा बसले आणि तीन ओळींवर हात थांबला. पुढची ओळ तिची होती, मला येत नव्हती. स्वेटर काढून ठेवला.

झाडांचं मी चुकले असणार. मला त्यातलं काही कळत नाही आणि मी कुणाला विचारलंही नाही. प्रुफात एका वेलांटीचा संशय आला तर मी तीन कोश उघडते. इथे एकही उघडला नाही. तू तिच्या जुन्या रोपवाटिकेत जा, तिकडे निघण्याआधी ती जिथे बारा वर्षं होती तिथे. माळीकाका अजून असतील. त्यांना कुंडी दाखव. जे म्हणतील ते कळव, म्हणजे तसं पत्र मधलीकडून लिहिते. तोवर आईला काही बोलू नकोस.

जपून राहा. तू आहेस म्हणून हे घर आहे.

तुझी,
ताई


दि. १५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. बसून वाच. हातात चहा असेल तर आधी खाली ठेव.

शनिवारी दुकानातून सुटले ती लठ्ठंभारतीला पिशवीत घालून थेट रोपवाटिकेत गेले. पत्र्याच्या शेडमध्ये ते लांबलचक टेबल तसंच आहे. कडेला खुंटीवर मधलीचा हिरवा एप्रन. खिशातून तिची कात्री डोकावत होती. माळीकाका म्हणाले, काढायला हात होत नाही, नवी मुलगी तिचा एप्रन घरून आणते. मग डोळे पुसायचे म्हणून चष्मा पुसला आणि कुंडी पुढे ओढली.

त्यांनी पान चिमटीत धरलं. म्हणाले, तहानेची सुरकुती वेगळी असते. ते पान पातळ होतं, कोरडं लागतं, जुन्या चपलेच्या पट्ट्यासारखं वाकतं. हे बघा, दाबलं की पाणी सुटतंय. मग वर्तमानपत्रावर कुंडी उपडी करून बुडाला दोन थापा दिल्या. आख्खा चिखलाचा गोळा बाहेर आला. मुळं पांढरी आणि कडक हवीत. ही तपकिरी, ओल्या सुतासारखी, ओढली तर साल बोटात आणि धागा मातीत. तोच वास. त्यांनी विचारलं, पाणी किती. मी म्हटलं, रोज एक कप. तर कपाळाला हात लावून म्हणाले, कोणत्या वैऱ्याने सांगितलं हो तुम्हाला? मी काय सांगणार? मी म्हटलं, घरात सुरकुत्या दिसल्या, वाटलं तहान. तर हसले. म्हणाले, कपड्यांची बादली उपसली की तुमची बोटं सुरकुततात, ती काय तहानेने? मुळं कुजली की झाडाला पाणी पिताच येत नाही. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून ते तहानेने मरतं.

मग तिच्याच कात्रीने त्यांनी देठ कापत नेला, काळं संपून आत पांढरं लागेपर्यंत. उरला तो शेंडा, सुपारीएवढा. तो सावलीत चार-पाच दिवस नुसता ठेवायचा, काप सुकेपर्यंत. मग जाड वाळू आणि खडी मिसळलेल्या मातीत. पुढे आठवडाभर पाण्याचं नावही काढायचं नाही. नंतरसुद्धा विणायची सुई तळापर्यंत खुपसायची, कोरडी निघाली तरच पाणी. बशीत पाणी ठेवायचं नाही. चांगली पानं कोरड्या मातीवर आडवी ठेवा, एखादं फुटेल, म्हणाले. निघताना म्हणाले की मधली प्रत्येक गिऱ्हाइकाला दटावायची, आधी मुळं बघा, मग झारी उचला.

घरी येईपर्यंत माझं सगळं ठरलं होतं. तुला कळवायचं, तू तसं पत्र लिहायचं. पण ते पत्र येईपर्यंत पाणी कसं थांबवू? मधलीने नेमाने घालायला सांगितलंय ना, एकही दिवस न चुकवता! रविवारी सकाळी मी कप घेऊन उभी राहिले. घातलं तर झाड जाईल, नाही घातलं तर आई विचारेल. मनात म्हटलं, थेंबभर घालू. चारांची आशा संपलीच होती. कान तुटलेल्या कपातलं पिटुकलं तेवढं हिरवं होतं. मी हात पुढे नेला, आणि आईने त्या कपावर तळहात ठेवला, झाकणासारखा. पाणी तिच्या हातावर पडलं.

म्हणाली, चार गेली, मी गप्प बसले. हे नको.

मी म्हटलं, आई, मधलीनेच लिहिलंय. ती म्हणाली, मधलीने नाही.

मग मला उशीखालचं पहिलं पत्र आणायला सांगितलं. म्हणाली, खिडकीशी तिरकं धर, उजेड कडेने येऊ दे, आणि तुझ्या ताईच्या ओळींच्या मधे बघ.

ताई, तिथे ओळी आहेत. शाई नाही, नुसते चरे. आपल्या मधलीचं अक्षर, दाबून, तिरकं, प्रत्येक काना जमिनीत खुंटी ठोकावी तसा. पॅडच्या वरच्या पानावर तिने काहीतरी लिहिलं होतं, त्याचा ठसा खालच्या पानावर उमटला, आणि त्याच पानावर तू पहिलं पत्र लिहिलंस. मला जेमतेम लागलं. उद्या दवाखान्यात. ताईला सांगितलंय, तूही आईला कळवू नको. आणि खाली, सुरकुत्या दिसल्या तर लगेच पाणी नको, आधी मुळं बघायला सांग. आईला सगळं लागलं होतं. कागदाच्या पाठीवर अक्षर उलटं उठतं, छापखान्याच्या खिळ्यावर असतं तसं, आणि उलटं अक्षर बोटांनी वाचायचं म्हणजे तिचं तीस वर्षांचं कामच की गं.

ती म्हणाली, पहिल्या पत्राने कळलं की ती आजारी होती. वाटलं, बरी झाली असेल, म्हणून वर हसतंखेळतं लिहितेय. मग दुसरं पत्र आलं, रोज एक कप पाणी घाल म्हणणारं. त्या दिवशी कळलं, ती नाही. पण तुम्ही दोघी माझ्यासाठी एवढा आटापिटा करत होतात, तुमचं मोडवेना. रोज सकाळी तू पाणी ओतायचीस, माझ्या हाताखाली कुंडी गार व्हायची, आणि मला पुन्हा कळायचं.

महिनाभर, ताई. रोज सकाळी. मी माझ्या हाताने.

मग आम्ही दोघी रडलो. डॉक्टर घाबरवत होते तसं काही झालं नाही, हृदयालाही नाही. नंतर तिनेच चहा मागितला.

एक विचारते. तो वरचा कागद कुठे आहे?

तुझीच,
शेंडेफळ


दि. १६ एप्रिल

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद. हात शेंडेफळाचा आहे, शब्द माझे. तिला सांगितलंय की स्वतःचं काही घुसडायचं नाही, मी तपासणार आहे.

आधी झाडांचं. लठ्ठंभारतीचा शेंडा कपाटावर वर्तमानपत्रात सुकत ठेवलाय. हेडमिस्ट्रेसची एक फांदी चांगली निघाली, बाकी सगळी गेली. जुळ्या दोघी गेल्या. त्यांची तीन पानं कोरड्या मातीवर ठेवलीत. मी रोज त्यांच्यावरून बोट फिरवते, दाबत नाही. कपातलं पिटुकलं कोरडं ठेवलंय, त्याला काही झालेलं नाही. सुई माझ्या उशाशी आहे. ती खुपसायचं काम मी कुणाला देणार नाही.

आता तुझं. तुला अपराधी वाटत असेल, वाटू दे थोडं, पण फार नको. आजार लपवायला मधलीने सांगितलं, मरण लपवायला डॉक्टरांनी, आणि तू बापडी दोघांचं ऐकत बसलीस. लहानपणापासून तुझं असंच. शाळेत सिस्टरांनी सांगितलं म्हणून आख्खा तास उभी राहिली होतीस, बसा म्हणायला त्या विसरल्या होत्या.

पाणी चुकीचं घातलंस. पण ते चुकलं म्हणून मला खरं कळलं. बरोबर सांगितलं असतंस तर मी आजही तिच्या पत्रांची वाट बघत बसले असते.

दोन गोष्टी मागते. तिने लिहिलेला तो वरचा कागद तुझ्याकडे असणार. तू काही फेकणारी नाहीस. त्याची मागची बाजू माझी वाचून झाली, पुढची पाठव. शेंडेफळ वाचेल. या वेळी मोठ्यांदा वाचलं तरी चालेल, लपवायचं कुणापासून काही उरलं नाही.

दुसरं. मधली जानेवारीत गेली. फेब्रुवारीपासून मला तुझं एकही पत्र नाही. तिची आली, तुझं नाही. एक गेली ते देवाने केलं. दुसरीने कुणी सांगितल्याशिवाय लिहिणं बंद केलं, त्याचं मी काय करू? आता तिच्या नावाने एक अक्षर नको. तुझ्या नावाने लिही. माझ्या दोन मुली आहेत, त्यांची खबर मला लागत राहू दे.

तुझी,
आई


दि. २१ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि. ही मी, थोरली.

तो कागद सोबत आहे. तिच्या कोटाच्या खिशात सापडला होता, बंद पाकिटात, तिकीट न लावलेला. पोस्टात टाकायचा राहिला की टाकायचा नव्हता, मला माहीत नाही. तीन महिने मी तो न उघडता, न वाचता शब्दकोशात ठेवला होता. रोज कामासाठी कोश उघडायचे आणि ते पान टाळून शब्द शोधायचे.

तिच्या खोलीत आता खिडकी उघडी ठेवते. स्वेटर धुऊन घडी केला, तुझ्याकडे आणीन. पॅडची उरलेली पानं एकेक करून उजेडात तिरकी धरली. चौथ्या पानानंतर काहीच दिसत नाही. तरी फेकली नाहीत.

पुढच्या शनिवारी मी येते आहे. बरोबर जाड वाळू आणि खडी आणते, शेंडेफळाने वजन कळवलंय. मुळं कशी असतात ते मला बोटांनी दाखव. मला काही येत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

हा कागद दुकानातून नवा आणलाय, खाली काही नाही. पेन दाबून लिहिलंय. तिच्यासारखं व्हावं म्हणून नाही गं. तुला कुणाची मदत न घेता वाचता यावं म्हणून.

मी येईपर्यंत कपावरचा हात काढू नकोस.

तुझी,
थोरली